वाचनालयातील श्रोता : लहान गावातील ग्रंथालयीन उपक्रमांची एक समीक्षा

१

महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी एखादे सार्वजनिक वाचनालय असते आणि त्याचे वर्ष जवळजवळ ठराविक क्रमाने सरते. जानेवारीत मराठी भाषेचा पंधरवडा, २७ फेब्रुवारीस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, उन्हाळ्यात व्याख्यानमाला, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती, नवरात्रात शारदोत्सव, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, आणि मधूनमधून वक्तृत्वस्पर्धा, ग्रंथप्रदर्शन, ग्रंथदिंडी, कविसंमेलन, लेखकाची भेट. या उपक्रमांचे वृत्तान्त लिहिले जातात, त्यांची छायाचित्रे भिंतीवर लागतात, वार्षिक अहवालात त्यांची यादी छापली जाते. त्यांची समीक्षा मात्र सहसा होत नाही. कथेला समीक्षक लाभतो, नाटकाला लाभतो. परंतु ज्या सभागृहात गावाचा लिखित शब्दाशी वर्षातून अनेकदा संबंध यावयाचा, त्या सभागृहात नेमके काय घडते याचा विचार करण्याची गरज क्वचितच कोणास वाटते. कार्यक्रम झाला, तो उत्साहात झाला, एवढ्यावर त्याचे मूल्यमापन संपते.

प्रस्तुत लेखात या उपक्रमांकडे एक भाषिक घटना म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. एखाद्या समाजात बोलण्याचे प्रसंग कसे रचले जातात याचा अभ्यास करण्यासाठी डेल हाइम्स यांनी १९६२ साली काही घटक सुचविले होते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, संदेशाचे रूप कोणते, तो कोणत्या मार्गाने जातो, कोणत्या भाषेत वा बोलीत जातो, विषय कोणता आणि प्रसंग कोणता, हे ते प्रश्न होत. वाचनालयाच्या कार्यक्रमास हे साधे प्रश्न विचारले असता उत्तर अस्वस्थ करणारे येते. ज्या संस्थेच्या नावातच वाचन आहे, तिच्या कार्यक्रमात वाचन घडत नाही. तेथे पाहुणा बोलतो, गाव ऐकते आणि ग्रंथ बंद कपाटात राहतो.

२

संस्थेच्या नावापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय आपला आरंभ १८२८ सालापर्यंत मागे नेते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. पुण्यात १८४८ साली स्थापन झालेली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ पुढे ‘नगर वाचन मंदिर’ झाली. पहिल्या नावात संस्था कोणासाठी आहे हे सांगितले होते. दुसऱ्या नावात तेथे काय करावयाचे हे सांगितले आहे. ‘ग्रंथसंग्रहालय’ हा शब्द वस्तूंकडे बोट दाखवितो, ‘ग्रंथालय’ हा स्थळाकडे. ‘वाचनालय’ हा मात्र क्रियेकडे दाखवितो. महाराष्ट्राने १९६७ साली जो कायदा केला त्यात ‘सार्वजनिक ग्रंथालये’ हा शब्द आला आणि कागदोपत्री तोच रूढ झाला. तथापि लोकांच्या तोंडी आणि जुन्या पाट्यांवर ‘वाचनालय’ टिकून आहे, व हा शब्द अधिक अर्थवाही आहे.

‘वाचणे’ या क्रियापदाचा इतिहास येथे विचारात घेण्याजोगा आहे. संस्कृतातील ‘वच्’ धातूच्या ‘वाचयति’ या प्रयोजक रूपापासून ते मराठीत आले. ‘वक्ति’ म्हणजे बोलतो. ‘वाचयति’ म्हणजे बोलावयास लावतो, बोलते करतो. (‘जीव वाचणे’ या प्रयोगातील ‘वाचणे’ ‘वञ्च्’ धातूपासून आलेले स्वतंत्र क्रियापद आहे. ध्वनिपरिवर्तनाने दोन्ही एकरूप झाली एवढेच. त्यांच्यात अर्थसंबंध जोडणे हा सभेत टाळी घेण्याचा मार्ग असला तरी व्युत्पत्तिशास्त्राचा नव्हे.) म्हणजे मराठी माणूस वाचतो तेव्हा, शब्दाच्या मूळ अर्थाने, तो मुक्या अक्षराला बोलते करीत असतो. शब्दाचा उगम म्हणजे त्याचा आजचा अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तरीही या उगमातून एक उपयुक्त कसोटी हाती येते. वाचनालयाचा कार्यक्रम कोणाला बोलते करतो? ग्रंथाला, वाचकाला, की केवळ निमंत्रित वक्त्याला?

३

ही स्थिती कशी आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मराठी समाजात सामूहिक वाचनाची प्रथा वाचनालयाहून जुनी आहे. चातुर्मासात देवळात वा वाड्याच्या ओसरीवर ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, हरिविजय, पांडवप्रताप असे ग्रंथ लावले जात. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा, इतरांनी ऐकावे, मध्येच कोणी शंका काढावी, आणि उद्या तेथूनच पुढे चालू करावे, असा तो क्रम असे. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नसे. तरीही ग्रंथ मध्यभागी उघडा असे आणि सगळे बोलणे त्याच्याभोवती फिरे. या प्रथेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या ओसरीवर कोणी बसावे आणि कोणी अंगणाबाहेर उभे राहावे हे जातीने ठरविलेले असे, आणि ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार स्त्रीस क्वचितच मिळे. ‘सार्वजनिक’ हा शब्द ज्या संस्थेच्या नावात प्रथम आला तिने ही मर्यादा निदान तत्त्वतः ओलांडली, हे तिचे मोठे श्रेय होय. पुढे वृत्तपत्रे आली तेव्हाही एकाने मोठ्याने वाचावे आणि दहाजणांनी ऐकावे ही रीत चालू राहिली. तेथेही मजकूर सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

व्याख्यानाचे कुळ मात्र वेगळे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ सालचा मानला जातो आणि तिच्याशी न्यायमूर्ती रानडे यांचे नाव निगडित आहे. ती चालविणाऱ्या संस्थेचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ असे आहे, आणि हे नाव अत्यंत प्रामाणिक आहे. वक्तृत्वाला उत्तेजन देणे हा तिचा हेतू होता, वाचनाला नव्हे. ज्या काळी समाजाला जाहीरपणे विचार मांडण्याची सवय नव्हती, त्या काळी उभे राहून तासभर युक्तिवाद करणारा मनुष्य निर्माण करणे हेच एक सामाजिक कार्य होते. ते कार्य त्या व्याख्यानमालेने केले. पुढे हाच नमुना गावोगावी गेला आणि लहान गावांतील वाचनालयांनी तो उचलला. अडचण येथेच सुरू झाली. वक्तृत्वासाठी घडविलेले रूप वाचनासाठी स्थापिलेल्या संस्थेने जसेच्या तसे स्वीकारले, आणि आपल्या हेतूप्रमाणे त्यात बदल करण्याचे राहून गेले.

बदल करणे शक्य होते याचा पुरावा दूरचा नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्यानंतर त्यांच्यापुढे प्रश्न आला, की शाळा सोडलेल्या मुलाची अक्षरओळख टिकावी कशी. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास आणविले. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले, तोपर्यंत मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावच्या ग्रंथालयांची योजना उभी राहिली होती, आणि ती पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे मराठी गृहस्थ अग्रभागी होते. या योजनेत पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरत. न वाचणाऱ्यांसाठी जादूच्या कंदिलाचे आणि चलच्चित्रांचे खेळ होत. खाते एकच, परंतु साधने दोन होती: ज्याला वाचता येते त्याच्याकडे ग्रंथाने जावे, ज्याला येत नाही त्याच्याकडे चित्राने जावे. खेळाची आणि पेटीची सांगड घालणारी एक दृष्टी त्यामागे होती. त्या दृष्टीत कार्यक्रम हे स्वतंत्र भूषण नव्हते. ग्रंथाकडे नेणाऱ्या रस्त्याचा तो एक टप्पा होता. आजच्या वाचनालयात कार्यक्रम आहे आणि पुस्तकही आहे, परंतु दोहोंमधला रस्ता मोडला आहे.

४

तो कसा मोडला आहे हे पाहण्यासाठी एखाद्या सामान्य कार्यक्रमाची रचना तपासावी. प्रथम दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन, मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, मनोगते, मुख्य व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन. या दीर्घ क्रमात बोलणारे सात-आठ जण असले तरी ते सर्व व्यासपीठावरचे असतात. समोर बसलेल्यांना बोलण्याचा प्रसंग येतो तो आभारानंतर, चहाच्या वेळी. आणि तोवर कार्यक्रम संपलेला असतो. प्रश्नोत्तरांना स्थान असलेच तर ते ‘वेळेअभावी’ गाळले जाते. हाइम्स यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रेषक आणि ग्राहक यांच्या जागा आधीच ठरलेल्या असून त्यांची अदलाबदल होण्याची सोय या रचनेत ठेवलेलीच नाही.

निमंत्रणपत्रिका आणि वृत्तान्त यांची भाषा याचीच साक्ष देते. पत्रिकेत विषयापेक्षा नावे अधिक, आणि नावांपेक्षा पदे अधिक. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’ अशा पदबंधांनी पान भरते, आणि गावासाठी उरते ते ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ हे वाक्य. गावकऱ्याने येथे करावयाची क्रिया एकच, उपस्थित राहणे. वृत्तान्तात तीही भूतकाळात जाते: ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.’ या वाक्यात कर्ता मनुष्य नाही, कार्यक्रमच आहे. उत्साह कोणाला वाटला, कशाविषयी वाटला, पुढे त्याचे काय झाले, यांपैकी काहीही या वाक्याला विचारता येत नाही. साचेबंद भाषा ही केवळ शैलीची उणीव असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ज्या गोष्टीची नोंद करण्यास भाषेत जागाच ठेवलेली नाही ती गोष्ट हळूहळू घडणेही थांबते. कोणत्या श्रोत्याने काय विचारले हे लिहिण्यासाठी अहवालात रकाना नाही. म्हणून विचारलेले कोणास आठवत नाही. म्हणून विचारण्यास वेळ ठेवला जात नाही.

अहवालांची ही रीत टिकण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने बहुतांश ग्रंथालये शासनाने स्वतः चालविण्याऐवजी स्वयंसेवी संस्थांकडे ठेवली आणि त्यांना वर्गवारीनुसार अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. लोकांनी उभारलेल्या संस्था लोकांच्याच हाती राहिल्या हा या व्यवस्थेचा लाभ. परंतु अनुदान आले की कागद आला, आणि जे मोजता येते तेच कागदावर उतरते. कार्यक्रमांची संख्या मोजता येते. एखाद्या कार्यक्रमानंतर एखाद्या मुलीने पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पुस्तक नेले, ही घटना मोजण्याची तजवीज नसते.

आणि एक दृश्य तर या सर्व विवेचनाचे सार सांगणारे आहे. व्याख्यानाच्या संध्याकाळी अनेक वाचनालयांच्या दाराशी फळा लावलेला असतो, की कार्यक्रमानिमित्त देवघेव विभाग बंद राहील. कर्मचारी एक किंवा दोन. ते खुर्च्या मांडण्यात आणि पाहुण्यांच्या व्यवस्थेत गुंतलेले. त्यांना दोष देता येत नाही. तरीही ज्या दिवशी गावातील सर्वाधिक माणसे वाचनालयात आली त्याच दिवशी तेथून पुस्तक मिळणे अशक्य असावे, हा विरोधाभास कोणत्याही टीकेहून बोलका आहे.

५

यावर कोणी म्हणेल, की गावाला ऐकण्याचीच आवड आहे, त्याला काय करावे. हे म्हणणे पुरते खरे नाही, आणि त्याची दोन उदाहरणे वाचनालयांच्याच व्यवहारात सापडतात.

पहिले दिवाळी अंकांचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला, आणि लहान गावांतील वाचनालयांनी त्याभोवती स्वतःची योजना रचली. थोडी वेगळी वर्गणी भरावयाची आणि पुढचे काही महिने एकेक अंक नेऊन परत करावयाचा. या योजनेत दीपप्रज्वलन नाही, पाहुणा नाही, अध्यक्ष नाही. परंतु देवघेवीच्या खिडकीशी जे संभाषण चालते ते ऐकावे. अमका अंक कोणाकडे आहे, तो कधी येईल, त्यातील कोणती कथा वाचावी, कोणती वाचू नये, गेल्या वर्षीच्या मानाने यंदा कसा आहे. येथे वाचक वाचकाशी बोलतो, आणि ग्रंथपाल दोघांमधला दुवा होतो. वाचनालयाचा सर्वांत यशस्वी सामुदायिक उपक्रम हाच असावा. आणि अहवालात ‘कार्यक्रम’ या सदराखाली त्याची नोंद नसते, कारण त्यात कोणी भाषण केलेले नसते.

दुसरे उदाहरण कथाकथनाचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी जाऊन आपल्या कथा सांगितल्या. वरकरणी हाही व्यासपीठावरचाच प्रकार. परंतु येथे जे बोलले जाई ते छापलेल्या पानातून उठून आलेले असे, आणि ज्या बोलीत ते पान लिहिलेले होते ती समोर बसलेल्यांच्या घरातली होती. शेतकऱ्याने, पाटलाने, शाळामास्तराने आपलेच बोलणे पुस्तकात शिरलेले ऐकले. मुक्या अक्षराला बोलते करणे हा ‘वाचयति’चा अर्थ येथे प्रत्यक्ष घडला. ऐकणे आणि वाचणे यांत मुळातच वैर नाही, हे या उदाहरणाने सिद्ध होते. ग्रंथाशी नाळ असलेले ऐकणे वाचनाचेच एक रूप असते; दोष आहे तो ग्रंथापासून तुटलेल्या ऐकण्यात.

६

बोलीचा उल्लेख ओघाने आला. परंतु तो या विषयाच्या गाभ्याशी आहे. वाचनालयाच्या व्यासपीठावरची भाषा प्रमाण मराठी असते. ते स्वाभाविक आहे, आणि प्रमाण भाषेला विरोध करण्याचे प्रयोजन नाही. तालुक्याच्या गावातील मुलास ती उत्तम यावी हे वाचनालयाचे एक कर्तव्यच आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली द्विभाषारूपतेची जी संकल्पना मांडली तिच्यासाठी त्यांनी अरबी, ग्रीक, स्विस जर्मन आणि हैती येथील क्रिओल ही उदाहरणे घेतली होती. मराठीची स्थिती काटेकोरपणे तशी नाही. प्रमाण मराठी ही अनेकांची घरातली भाषाही आहे. तरीही वाचनालयाच्या सभागृहात, तेवढ्या दोन तासांपुरती, भाषेच्या रूपांची वाटणी तशीच कडक होते. माइकसमोर एक रूप, चहाच्या वेळी दुसरे. मालवणी, वऱ्हाडी वा झाडी बोलणारा मनुष्य व्यासपीठाकडे पाहून गप्प बसतो तो केवळ विषय ठाऊक नसल्यामुळे नव्हे. आपले उच्चार आणि आपली विभक्तिरूपे या खोलीत चालणार नाहीत हे त्याने लहानपणीच शाळेत शिकलेले असते. प्रश्नोत्तरांस वेळ ठेवूनही प्रश्न येत नाहीत, याचे एक कारण हे आहे. शांततेला ‘श्रोत्यांची तन्मयता’ असे नाव देणे हा आयोजकांचा सोयीस्कर गैरसमज होय.

या शांततेची किंमत काय, याचे एक उदाहरण मराठी साहित्याच्या इतिहासातच आहे. जळगाव जिल्ह्यातील असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी आपल्या बोलीत जी कविता रचली ती घरातल्यांनी ऐकली आणि लिहून ठेवली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांच्या कविता ग्रंथरूपाने आल्या आणि आज ती मराठीची मोलाची ठेव गणली जाते. ही ठेव राहिली ती एका योगायोगाने: घरात एक मुलगा, सोपानदेव, कवी होता, आणि ऐकलेले कागदावर उतरविण्याची बुद्धी त्या घराला झाली. ज्या घरांत असा श्रोता नव्हता तेथे काय विरून गेले, ते कोणालाच कधी कळणार नाही. योगायोगावर सोपविलेले हे काम संस्थेचे असावयास हवे होते, आणि गावात अशी संस्था एकच असते.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणांहून बोलींचे नमुने मागविले गेले ते सरकारी अधिकाऱ्यांमार्फत, आणि त्यांतील ठरलेला नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या बोलीत उतरवून घेतली गेली. ते काम थोर होते. परंतु बोलणाऱ्याला स्वतःचे काही सांगण्यास त्या पद्धतीत फारसा वाव नव्हता. तालुक्याच्या गावातील वाचनालय हे याहून सरस करू शकते. त्याला ठरावीक कथेची गरज नाही. गावात माग चालतो, होडी बांधली जाते, गुऱ्हाळ लागते, भांडी घडविली जातात. आणि या प्रत्येक धंद्याचे स्वतःचे शब्द आहेत, जे धंद्याबरोबर मावळत आहेत. ते शब्द वापरणारा वृद्ध कारागीर वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्याला शाल देऊन सत्कार करण्याची कल्पना आयोजकांना सुचते. त्याला बसवून, त्याच्या हत्यारांची नावे विचारून, ती वहीत उतरवून घेण्याची कल्पना सहसा सुचत नाही.

७

आक्षेप काय येतील हे उघड आहे. तुटपुंजे अनुदान, अपुरे वेतन आणि एकटा ग्रंथपाल या स्थितीत नव्या जबाबदाऱ्या सुचविणे हे शहरातील विभागात बसून सोपे असते, असे म्हटले जाईल. आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच येथे खर्चाची नवी योजना मांडलेली नाही. बाहेरगावच्या वक्त्याचा प्रवास, निवास आणि मानधन यांना जे लागते त्यापेक्षा सामूहिक अभिवाचनास वा शब्दनोंदीच्या बैठकीस कमीच लागेल. वक्त्याला बोलावू नये असेही म्हणणे नाही. लहान गावाला बाहेरचा विचार कळण्याची निकड मोठ्या शहरापेक्षा अधिक असते. प्रश्न आहे तो रूपाचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज माणसाच्या खिशात असलेल्या यंत्रावर हवे ते व्याख्यान ऐकता येते. अशा काळात लोक घराबाहेर पडून सभागृहात येतात हेच पुष्कळ, त्यांच्यावर कसोट्या कशाला लादाव्यात? परंतु याच कारणासाठी कसोट्यांची गरज वाढली आहे. केवळ ऐकण्यासाठी वाचनालयात येण्याचे कारण आता उरलेले नाही. जे यंत्रावर मिळत नाही ते वाचनालयाने दिले पाहिजे, आणि ते म्हणजे हाती घेता येणारे पुस्तक आणि आपले बोलणे ऐकून घेणारा शेजारी.

तेव्हा कोणत्याही कार्यक्रमास तीन प्रश्न विचारता येतील. पहिला, ग्रंथ कोठे होता? व्याख्यानाच्या विषयावरची वाचनालयातील चार-पाच पुस्तके दाराशी टेबलावर मांडलेली होती काय, त्यांची नावे पत्रिकेवर होती काय, आणि त्या संध्याकाळी देवघेव चालू होती काय? दुसरा, कोण बोलले? व्यासपीठावर न बसलेल्या किती जणांचा आवाज त्या खोलीत ऐकू आला, आणि त्यांना आपल्या बोलीत बोलण्याचा संकोच वाटला काय? तिसरा, काय उरले? एखादे टिपण, एखादी शब्दयादी, विचारलेल्या प्रश्नांची वही, पुढच्या महिन्यात त्या विषयाच्या पुस्तकांची वाढलेली मागणी, असे काही दाखविता येते काय? या तिन्हींना उत्तर नसेल तर सभागृह कितीही भरलेले असले तरी तो कार्यक्रम वाचनालयात झाला असेल, वाचनालयाचा झाला नाही.

या प्रश्नांत विद्यापीठीय विभागांचाही वाटा आहे. मराठी आणि भाषाशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी सामग्री जमविण्यासाठी गावोगावी जातात, आठ दिवस राहतात, ध्वनिमुद्रण करतात आणि ती सामग्री घेऊन परततात. ज्या गावाने शब्द दिले त्या गावी त्याची प्रत राहत नाही. प्रबंध विभागाच्या कपाटात, वाचनालय आपल्या जागी, आणि बोलणारा दोन्हींपासून दूर. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवण्याची आणि तिच्या वाचनासाठी एक बैठक घेण्याची शिस्त विभागांनी पाळली तर क्षेत्रकार्य आणि ग्रंथालयीन उपक्रम ही दोन निराळी कामे राहणार नाहीत. वक्ता म्हणून गावी जाणाऱ्या प्राध्यापकानेही आपले भाषण अर्ध्यावर आणावे आणि उरलेल्या वेळात ऐकावे. हे दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे, हे वर्गात शिकविणारा प्रत्येक जण जाणतो.

८

वाचनालयाच्या सभागृहात श्रोता आहे; तो दीडशे वर्षे तेथे निमूटपणे बसला आहे, आणि त्याच्या सोशिकपणाबद्दल कोणीही त्याचे आभार मानलेले नाहीत. एकेकाळी त्याने ऐकणे आवश्यक होते. आता ऐकण्याची पाळी संस्थेची आहे. पुस्तकाने गावाशी बोलावे, गावाने पुस्तकाशी बोलावे आणि हे दोन्ही बोलणे कोणीतरी टिपून ठेवावे, एवढे ज्या संध्याकाळी घडेल त्या संध्याकाळचा वृत्तान्त कदाचित ‘उत्साहात संपन्न झाला’ या वाक्यात बसणार नाही. तो लिहिण्यासाठी अहवालात नवा रकाना आखावा लागेल. आरंभ तेथूनच करता येईल. आणि पुढच्या व्याख्यानाच्या दिवशी देवघेवीची खिडकी उघडी ठेवण्यासाठी तर तेवढीही वाट पाहावयास नको.